रानातल्या समाध्या कुणाच्या? आधी खराबा बघा, दगड मागाहून

प्रश्न थोडक्यात असा. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं वीरशैव लिंगायत शेतकरी कुटुंब. गावापासून दोनेक किलोमीटरवर वडिलोपार्जित रान, रानाच्या कडेला लिंबाचं झाड आणि झाडाखाली अकरा समाध्या. चार कुणाच्या ते घरात ठाऊक आहे. एकीवर देवनागरीत ‘शके १८२१ विकारी’ एवढंच लागतं, बाकीच्यांवर काहीच नाही. आजोबा सांगायचे की जागा चारशे वर्षांची. सातबारावर समाधीचा एक शब्द नाही, फक्त पोटखराब ६ आर दिसतो. आता चुलत भावांत वाटणी निघाली आहे आणि तो कोपरा ज्याच्या वाट्याला जाईल त्याला तिथे ऊस लावायचा आहे. तर जागेचा इतिहास कसा काढायचा आणि जागा राखायची कशी?

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून लागलो, निमतानदार (मोजणी तपासणारा अधिकारी) म्हणून निवृत्त झालो आणि आता लोकांना मोडी कागद वाचून देतो. सोलापूर, धाराशिव, विजापूर या पट्ट्यात अशा जागा शिवारागणिक आहेत. घरची माणसं पहिल्यांदा विचारतात ते ‘ही समाधी कुणाची?’ हा प्रश्न मी शेवटी ठेवतो. ती ज्या जमिनीत आहे ती जमीन तुमच्या घरात कधी आली, कितीदा फुटली, कुणाकडे गहाण पडली, हे आधी लागलं तर दगड वाचता येतात. उलट्या क्रमाने गेलात तर आजोबांच्या गोष्टीला दगड जुळवत बसाल.

सातबारावर समाधी नाही याचा धक्का घेऊ नका. जमीन कुणाच्या नावे आहे आणि तीत काय पिकतं, एवढंच सांगायला तो उतारा जन्माला आला. जे पिकत नाही ते त्याच्या लेखी खराबा. या खराब्याचेही दोन वर्ग आहेत. वर्ग अ म्हणजे खडक, खळं, शेतातलं घर असलं काही, ज्यामुळे मोजणीच्या वेळी ती जागा लागवडीला अयोग्य ठरली. वर्ग ब म्हणजे आकारणीतून मुद्दाम सोडलेली जागा: रस्ता, ओढा, पाण्याचं तळं, कुंभारांची माती काढायची जागा, आणि दफनभूमी किंवा स्मशान. १९६९ च्या भूमापन नियमांत ही वर्गवारी स्पष्ट आहे आणि तीच ब्रिटिश काळच्या नियमांतून पुढे आलेली आहे. म्हणून पहिला प्रश्न हा की तुमचे ६ आर कोणत्या वर्गात आहेत. वर्ग ब असेल तर कुणीतरी, कधीतरी, तिथे उभं राहून ‘ही जागा पिकाची नव्हे’ असं लिहिलेलं आहे.

पण इथे सावध राहा. तुमच्या रानाच्या दक्षिणेला ओढा आहे असं तुम्हीच लिहिलंय. ६ आर म्हणजे जवळजवळ ६ गुंठे, साडेसहा हजार चौरस फुटांच्या आसपास. अकरा समाध्यांना इतकी जागा लागत नाही. तेव्हा हा खराबा सगळा ओढ्याचा असू शकतो, किंवा ओढा आणि समाध्या दोन्हींचा मिळून असू शकतो, किंवा पूर्वी समाध्यांभोवती मोकळी सोडलेली जागा मोठी होती आणि नांगर दरवर्षी हातभर आत सरकत आला. तिन्ही गोष्टी मी पाहिलेल्या आहेत. यांतली तुमची कोणती, ते सातबारा सांगणार नाही.

ते सांगतं टिपण, म्हणजे मोजणीच्या वेळी जागेवर काढलेला मापांचा कच्चा नकाशा. तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करा आणि मूळ सर्व्हे नंबरचं टिपण, गुणाकार बुकाचं पान (क्षेत्राचा हिशोब), फाळणी नकाशे (पोटहिश्श्यांचे) आणि आकारबंद (क्षेत्र-आकारणीची नोंद) अशा सगळ्यांच्या नकला एकदम मागा. आजचा गट नंबर देऊन भागणार नाही. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली गट पडले तेव्हा नंबर बदलले, म्हणून आधी एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून जुना सर्व्हे नंबर काढा. गट पाडताना खराब्याचे आकडे इकडचे तिकडे झालेली प्रकरणं भरपूर आहेत. जुन्या सर्व्हे नंबरला खराबा १२ गुंठे आणि आजच्या गटाला ६ आर, असं काही दिसलं तर तो फरक कुठे जिरला ते शोधण्यातच अर्धा इतिहास हाती लागतो.

टिपण पहिल्यांदा बघणाऱ्याला ते पोराने काढलेल्या चित्रासारखं दिसतं, कारण ते प्रमाणात नसतं. मधून एक पाया (मापाची आधाररेषा), त्यावरून दोन्ही बाजूंना काटकोनात मापं, आणि सगळी मापं साखळी-आण्यांत. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ बाय ३३ म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. आकडे आणि शेरे बहुधा मोडीत. मोजणीदाराने वाटेत काय लागलं तेही खुणेने दाखवलेलं असतं: विहीर, झाड, देऊळ, पाणंद. समाध्या दाखवल्या असतील तर ‘थडगी’ असा शेरा मिळतो. घरात आपण समाधी म्हणतो, पण सरकारी कारकून सगळ्यांनाच थडगं लिहीत गेला. नाव कुणाचंही नसतं. पण ‘अमुक सालच्या मोजणीच्या वेळी ही जागा समाध्यांची होती’ हा पुरावा याहून पक्का दुसरा मिळत नाही.

मुंबई इलाख्यातली ही पद्धतशीर मोजणी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली, गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी ती बसवली. त्याआधीचा प्रिंगलचा प्रयोग फसलेला होता. सोलापूरकडचे तालुके इंदापूरच्या मागोमाग मोजले गेले. सारा ठरवण्याचा बंदोबस्त तीस वर्षांचा, म्हणून साधारण एका पिढीने फेरमोजणी. म्हणजे तुमच्या रानाला दोन थर मिळण्याची शक्यता आहे, एक एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचा आणि एक नंतरचा. पहिल्यात थडगी नाहीत आणि दुसऱ्यात आहेत, असं निघालं तर चारशे वर्षांचा प्रश्न तिथेच मिटला. (एकत्रीकरणात गाव नसेल, किंवा गाव जुन्या अक्कलकोट संस्थानातलं असेल, तर कागद वेगळे. तुमचं गाव पूर्वी कोणत्या अमलाखाली होतं हे आधी विचारून घ्या. त्या भागात दोन शेजारी गावांचे राजे वेगळे असायचे.)

आता एक गोष्ट, जी लोकांना सहसा सुचत नाही. स्वतःच्या जमिनीचे दस्त शोधण्याआधी शेजाऱ्याचे शोधा. तुमची जमीन वडिलोपार्जित, ती कधी विकलीच गेली नसेल तर तिचा खरेदीदस्त नसणारच. पण बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याने कधीतरी जमीन घेतली, विकली किंवा गहाण टाकली असेल, आणि प्रत्येक दस्तात चतुःसीमा लिहावी लागते. ‘पश्चिमेस अमुक पाटलांचे रान व त्यातील थडगी’ असं वाक्य शेजाऱ्याच्या गहाणखतात सापडतं. तुमचं घर जे कधी लिहीत नव्हतं ते शेजाऱ्याने नाइलाजाने लिहून ठेवलेलं असतं. दुय्यम निबंधक कार्यालयात सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्तांची यादी) बघा, आणि शेजाऱ्याशी बोलणं असेल तर त्याच्या घरची ट्रंक. रानाचं बोलीतलं नावही विचारा. ‘थडग्याचं रान’, ‘समाधीचा तुकडा’ असं नाव भावकीबाहेरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी असेल तर ते जुनं आहे असं धरायला हरकत नाही. घरच्यांच्या तोंडी असलेल्या नावाला मी तेवढं वजन देत नाही.

मग दगडाकडे या. आधी आकार. लिंगायतांत दफन बसवून होतं. देहाला विभूती लावून, इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवून, विमानात, म्हणजे सजवलेल्या पालखीत, बसवून मिरवत नेतात. खड्डा मृताच्या पावलाच्या मापाने आखण्याची रीत होती, आत बसतं करून विभूती, बेलपत्री, मीठ घालून माती लोटतात. जंगमाच्या, म्हणजे लिंगायत पुरोहिताच्या, हातून सगळा विधी. त्यामुळे वरचा चबुतरा चौकोनी आणि आटोपशीर, दोन-तीन फुटांचा. लांबट चबुतरा दिसला तर तिथे देह निजवलेला आहे, आणि मग तो लिंगायत रीतीचा नाही, किंवा बांधणारा गवंडी परका होता. तुमच्या फोटोत अकरापैकी दोन लांबट आहेत आणि दोन्ही झाडापासून दूर, बांधाच्या बाजूला. ही दोन तुमच्या घराची नसण्याचा संभव मला दिसतो. रानात राबणारा गडी, आश्रयाला राहिलेलं कुटुंब, असल्या माणसांनाही त्याच जागेत कडेला ठाव मिळायचा. घरच्यांना हे ऐकायला आवडत नाही, तरी वंशावळीत अकरा पूर्वज बसवायचा हट्ट धरू नका.

उलट बाजूही आहे. अकरा समाध्या म्हणजे अकराच माणसं असंही नाही. चबुतरा बांधायला पैसा आणि उसंत लागते. बहुतेकांच्या वाट्याला दगडांचा ढीग आणि वर एक उभा गोटा एवढंच आलं, आणि लहान मुलांना तेही नाही. बांधलेल्या समाध्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत माणसं आहेत असं समजूनच वागा. त्या जागेत खांब रोवायचा, कुंपणाचा पाया खणायचा तर आधी विचार करा.

दगडाची जात बघा. सोलापुरात रेल्वे १८६० मध्ये आली आणि पुढे गुलबर्गा-शहाबाद मार्गे रायचूरला १८७१ मध्ये पोहोचली. त्यानंतर शहाबादी फरशी स्वस्तात आणि भरपूर येऊ लागली. बैलगाडीने त्याआधीही येत असेल, पण खेड्यातल्या शेतकऱ्याच्या समाधीवर शहाबादी दिसली की मी ती १८७१ च्या अलीकडची धरतो, वेगळा पुरावा मिळेपर्यंत. काळा दगड घडवून, चुन्यात बसवलेला चबुतरा त्याआधीचा असू शकतो. असू शकतो, असतोच असं नाही, कारण काळा दगड गावच्या माळावर फुकट होता आणि अजूनही आहे. सिमेंटचा गिलावा तर काहीच सांगत नाही, जुन्यावर नवा थापलेला असतो. गिलावा फुटला असेल तिथे आत डोकावून बघा, फोडू मात्र नका.

‘शके १८२१ विकारी’ हे वाचन मला बरोबर वाटतं, कारण ते स्वतःची परीक्षा स्वतः देतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (जानेवारी ते चैत्रापर्यंत ७९), म्हणजे १८९९-१९००. आणि साठ संवत्सरांच्या चक्रात शके १८२१ ला विकारी संवत्सरच येतं. शेवटचं विकारी २०१९-२० मध्ये होऊन गेलं, तिथून दोन फेरे मागे मोजा, म्हणजे पटेल. आकडा पुसट असला की मी नेहमी संवत्सराच्या नावाशी ताडून बघतो. एक अक्षर चुकीचं वाचलं तर दोन्ही जुळत नाहीत. जुन्या कागदांत फसली सन मिळेल, त्यात ५९० मिळवा, मृगापासून वर्ष धरून.

१८९९-१९०० हे साल साधं नव्हे. इलाख्यात त्या वर्षी मोठा दुष्काळ होता, त्याच्या मागे १८९६-९७ चा दुष्काळ, आणि १८९६ मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग तोवर जिल्ह्याजिल्ह्यांत पसरला होता. प्लेगात लोक गावठाण सोडून रानात झोपड्या घालून राहायचे. रानात राहणारं माणूस रानात गेलं तर तिथेच ठेवलं, असं व्हायला कितीसा वेळ लागतो? तुमची जागा त्या काळात सुरू झाली असण्याची शक्यता मी उघडी ठेवीन. दुसरी शक्यता अशी की जागा आधीचीच, आणि शके १८२१ हे फक्त नाव-साल कोरण्याची ऐपत पहिल्यांदा आली ते वर्ष. दुष्काळाच्या वर्षी दगड कोरून घेणारं घर हे खाऊनपिऊन सुखी असणार. किंवा साल मृत्यूचं असेल आणि दगड पोरांनी वीस वर्षांनी बसवला असेल. यांचा निवाडा कोतवाल बुकात होईल.

कोतवाल बुक म्हणजे गावचं जन्म-मृत्यू रजिस्टर, गाव नमुना १४. कोतवाल गावात फिरून नोंद द्यायचा, म्हणून ते नाव. तहसीलच्या अभिलेख कक्षात जुनी बुकं असतात. २०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात कुणबी नोंदी शोधायला हीच रजिस्टरं बाहेर निघाली, कित्येक ठिकाणी धूळ झटकून स्कॅनही झाली, त्यामुळे आज ती बघायला मिळणं पूर्वीपेक्षा सोपं आहे. तारीख, नाव, बापाचं नाव, जात, वय, मरणाचं कारण असे रकाने. कारणात ताप, पटकी, देवी, प्लेग, हगवण असे मोजके शब्द. १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं उघडाल तर ‘ताप’ या एका शब्दाखाली घरंच्या घरं दिसतील. तो इन्फ्लुएन्झा. तुमच्या अकरांत एकमेकींना चिकटून असलेल्या, एकाच घडणीच्या तीन समाध्या आहेत. एकाच घरातले तीन मृत्यू थोड्या दिवसांत, असं काही १९१८ मध्ये सापडतं का ते पहिल्यांदा बघा. बायकांची नावं शोधताना धीर धरा. ‘अमक्याची बायको’ एवढ्यावर पुष्कळ नोंदी संपतात.

नावांची दुसरी वाट हेळवी. तुमच्या भागात सुगी झाल्यावर बैल घेऊन, घंटा वाजवत हेळवी येतो, देवळापाशी उतरतो आणि घराची वंशावळ वाचून दाखवतो. बेळगाव-विजापूरकडचे हे लोक लिंगायत आणि मराठा घराण्यांच्या पिढ्या लिहून ठेवतात, लिखाण बहुधा कन्नडमध्ये. माझा अनुभव असा की बाप-लेकाची साखळी आणि मूळ गाव कोणतं, कोणत्या गावाहून उठून इथे आले, याबाबत हेळव्याचं बाड भरवशाचं. सालांबाबत मुळीच नाही. मुली सहसा गळतात, आणि निपुत्रिक चुलत्यांच्या शाखा तर हमखास. समाधीत मात्र निपुत्रिक चुलताही असतो. तुमच्या घरी हेळवी शेवटचा कधी आला ते आईला किंवा आत्याला विचारा. धान्य कुणी घातलं हे बायकांच्या लक्षात असतं. ब्राह्मण-मराठा घरांना नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या उपाध्यायांच्या वह्यांचा जो उपयोग होतो तो तुम्हाला फारसा होणार नाही, कारण पिंडदानाची रीत तुमच्यात नाही. काशीच्या जंगमवाडी मठात पूर्वजांच्या नावे शिवलिंग अर्पण करण्याची चाल मात्र आहे. घरातलं कुणी काशीला गेलं होतं का, हे विचारून ठेवा.

कागद आणि दगड यांच्यामधला तिसरा साक्षीदार म्हणजे तुमचा स्वतःचा रिवाज. वर्षातून ज्या दिवशी नैवेद्य घेऊन जाता त्या दिवशी पहिला नारळ कोणत्या समाधीपुढे फुटतो? त्यानंतर कोणती? ज्यांना ‘का’ ठाऊक नाही तेही क्रम चुकवत नाहीत. तो क्रम बघून, जागेचा हाताने नकाशा काढून त्यावर आकडे टाका. मधली मोठी, दोन पायऱ्यांची समाधी तुम्ही मूळ पुरुषाची म्हणता, पण फोटोत तिच्यावर लिंग आणि समोर नंदी दिसतो. घराण्याच्या गुरूची, एखाद्या जंगम स्वामींची गद्दुगी (स्वामींची पूजेतली समाधी) असेल आणि तिच्या आश्रयाने पुढे घरातल्यांना तिथे ठेवत गेले असतील, असाही नमुना त्या भागात आहे. सोलापुरात तर शहराचं दैवतच समाधीभोवती वसलं आहे, सिद्धरामेश्वरांची. मठ कोणता, हे लग्नपत्रिकांवरून कळेल. मठात विचारा.

चारशे वर्षांबद्दल आता स्पष्टच सांगतो. माझा विश्वास नाही. घरात तोंडी चालत आलेली आठवण नावानिशी पाच-सहा पिढ्या टिकते, त्यापलीकडे गोल आकडे सुरू होतात. तुम्ही पुरावा म्हणून बांधावरच्या वीरगळाचा फोटो पाठवला आहे, तो वीरगळ खराच जुना आहे, तुमच्या आजोबांच्या चारशेहूनही बहुधा जुना. पण वीरगळ हे स्मारक आहे, त्याच्याखाली कुणी पुरलेलं असतंच असं नाही. शिवाय वीरगळ शतकानुशतकं इकडून तिकडे हलवले गेले आहेत. कुणी बांधाला लावले, कुणी विहिरीच्या पायरीला. तुमच्या समाध्यांशी त्याचा संबंध जोडायला अजून काहीही आधार नाही. तो तिथून हलवू नका आणि त्याला ऑइलपेंट लावू नका, एवढं मात्र करा.

मराठवाड्यातल्या वाचकांसाठी एवढंच की तिथे हा मार्ग जसाच्या तसा चालणार नाही. निजामी अमलातले कागद उर्दूत आणि मोडीत, सन फसली, आणि आजच्या कामाला आधार म्हणून १९५४-५५ चं खासरा पत्रक बघावं लागतं. लातूर-धाराशिवच्या भूकंपग्रस्त गावांत तर ३० सप्टेंबर १९९३ नंतर गावंच्या गावं नव्या जागी गेली आणि रानातल्या समाध्या जुन्या गावाच्या शिवेत राहिल्या. तिथल्या तरुण मुलांना पायवाटसुद्धा ठाऊक नसते. त्यांनी कागदाआधी म्हाताऱ्यांना गाडीत घालून रान दाखवायला न्यावं.

आता वाटणी. तुमच्या चुलत भावाचा मुद्दा असा की ‘समाध्या सगळ्यांच्या, मग जमीन माझ्या एकट्याचीच का अडवता?’ त्याचं चुकत नाही. म्हणून उपाय असा असावा की नुकसान सगळ्यांचं वाटून होईल. काहीजण सुचवतात की ही जागा समाधीच्या नावे कायमची दान करून ट्रस्ट करा. त्या वाटेला जाऊ नका. सरस्वती अम्मल विरुद्ध राजगोपाल अम्मल या १९५३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की सामान्य माणसाच्या समाधीच्या पूजेसाठी मालमत्ता कायमची अर्पण करणं हिंदू कायद्यात वैध धर्मादाय ठरत नाही. संतपदाला पोहोचलेल्याची समाधी किंवा सिद्ध झालेली रूढी, ही वेगळी गोष्ट. घरच्या समाध्यांना तो आधार मिळणं अवघड. दोन-तीन गुंठ्यांचा स्वतंत्र तुकडा पाडून नावावर करायचा म्हटलं तर तुकडेबंदी आडवी येते.

चालतं ते हे. वाटणीआधी सगळ्या हिस्सेदारांच्या सहीने मोजणीचा अर्ज द्या आणि अर्जातच लिहा की समाध्यांची जागा आणि तिथे जाण्याची वाट नकाशात दाखवावी. भूकरमापक आला की घरातलं जाणतं माणूस जागेवर हवं, लांबट दोन समाध्यांसकट हद्द धरायला सांगा. मग वाटणीपत्र नोंदणीकृत करा आणि त्यात साध्या भाषेत लिहा: मोजणी नकाशात अमुक अक्षरांनी दाखवलेली लिंबाखालची जागा सर्व हिस्सेदारांची सामाईक राहील, ती कुणी नांगरणार नाही, तिच्यावर बांधकाम करणार नाही, अमुक बांधावरून जाण्या-येण्याची वाट कायम राहील, कुणी आपला हिस्सा विकला तरी ही अट घेणाऱ्यावर राहील. ज्याच्या वाट्यात ती जागा येते त्याला तेवढं क्षेत्र दुसरीकडे भरून द्या, हे विसरू नका, नाहीतर कागद राहील आणि भाऊ तुटेल. शेवटी वाटणीचा फेरफार धरताना इतर हक्काच्या रकान्यात ही नोंद घ्यायला लेखी अर्ज द्या. तलाठी तोंडी ‘होत नाही’ म्हणाला तर तेच लेखी मागा. उद्या रस्त्यासाठी किंवा कालव्यासाठी संयुक्त मोजणी आली तर हाच नकाशा आणि हीच नोंद कामाला येईल. त्यावेळच्या पंचनाम्यात विहीर-झाडांबरोबर समाध्याही मोजून लिहून घ्यायच्या असतात, आणि घरचे त्या दिवशी बहुधा हजर नसतात.

पुढेही घरातल्यांना तिथेच ठेवायचं का, हा तुमचा जोडप्रश्न वेगळा आहे. जुनी जागा राखणं आणि नवं दफन करणं यांची गल्लत करू नका. खासगी जमिनीतल्या दफनावर कायदा आज स्वच्छ नाही. छत्तीसगडच्या बस्तरमधल्या प्रकरणात २७ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मतं फुटली. न्या. नागरत्ना यांनी स्वतःच्या जमिनीत दफनाला परवानगी द्यावी असं म्हटलं, न्या. शर्मा यांनी ठरवून दिलेल्या जागीच व्हावं असं म्हटलं, आणि अखेर देह ठरलेल्या दफनभूमीत नेण्याचा आदेश झाला. तेव्हा वेळ येण्याआधी ग्रामपंचायतीला लेखी विचारून ठेवा, आणि गावात रुद्रभूमी (लिंगायतांची दफनभूमी) नसेल तर तिच्या मागणीचा ठराव करून घ्या.

समाध्या कुणी उकरल्या तर काय, हेही तुम्ही विचारलं आहे. गुप्तधनाच्या नादाने रानातल्या समाध्या फोडणारे त्या भागात फिरतात हे खरं. तशी खूण दिसली तर दगड परत रचण्याआधी फोटो काढून पोलिसांत द्या. दफनाच्या जागेत अपमानाच्या हेतूने घुसणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे. फोडणाऱ्याला आत विभूती आणि माती मिळणार, पण ते त्याला सांगून पटत नाही.

डागडुजी कराल तेव्हा जुना दगड तसाच ठेवून सांधे चुन्याने भरा, टाइल्स आणि ग्रॅनाइट लावू नका. त्याच्याखाली जे काही कोरलेलं असेल ते कायमचं जातं. ज्या सात समाध्यांची नावं ठाऊक नाहीत त्यांच्यावर अंदाजाने नाव कोरू नका. हातनकाशावरचा आकडाच त्यांना पुरे. शके १८२१ ची अक्षरं सकाळच्या तिरप्या उन्हात, दगड पाण्याने पुसून, पुन्हा फोटो काढून पाठवा. संवत्सराच्या खाली अजून एक ओळ आहे असं मला वाटतं, आणि ती कन्नडमध्ये आहे.